गवंड्याचा मुलगा आणि गोंडवनातील शाळा
कैलासवासी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे अल्प चरित्र

चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस भरपावसाळ्यातला नाला म्हणजे काय, हे सांगावयास नको. सकाळी ज्या वाटेने मनुष्य घोट्याइतक्या पाण्यातून बाजारास जातो, त्याच वाटेवर संध्याकाळी पाऊल टाकण्याची सोय राहत नाही. नाल्याच्या अलीकडे शिक्षक आणि पलीकडे शाळा, असा देखावा आमच्याकडे नवा नाही. अशाच एका फुगलेल्या नाल्यात १८६३ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ४ तारखेस रात्री एक गृहस्थ घोड्यावरून पार होताना बुडून मरण पावले. त्या दिवशी ते एका लहानशा खेड्यातील शाळेची परीक्षा घेण्यास मागे थांबले होते. त्यांचे नाव स्टीफन हिस्लॉप. नागपुरातील हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने चालते, तेच हे. नाव पुष्कळांस ठाऊक आहे, पण चरित्र थोड्यांस. म्हणून ते आज आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांपुढे थोडक्यात ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

बालपण व शिक्षण

हिस्लॉपसाहेबांचा जन्म स्कॉटलंड देशातील डन्स नावाच्या गावी १८१७ साली सप्टेंबरच्या ८ तारखेस झाला. वडील गवंडी होते व आपल्या मंडळीत वडिलाचे काम पाहत असत. घर धनाढ्य नव्हते. दगड घडवून पोट भरणाऱ्या कुटुंबातील मुलाने विद्यापीठापर्यंत जावे, ही गोष्ट त्या काळी युरोपातील पुष्कळ देशांत अशक्य वाटली असती. स्कॉटलंडात ती शक्य झाली, ह्याचे कारण आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. त्या देशात १६९६ साली असा कायदा झाला होता की, प्रत्येक धर्मग्रामात एक शाळा असावी, आणि शाळेच्या इमारतीचा व पंतोजीच्या पगाराचा भार तेथील जमीनदारांनी सोसावा. देश डोंगराळ व दरिद्री होता. पण त्या शाळांतून शेतकऱ्यांची, विणकऱ्यांची व गवंड्यांची मुले लिहावाचावयास शिकली, आणि पुढे त्यांतूनच वैद्य, यंत्रकार व पंडित निपजले. दारिद्र्य गेल्यावर शाळा काढू, असे तेथील लोक म्हणत बसले नाहीत. शाळा आधी आली, आणि दारिद्र्य हटविण्यास तिचे साहाय्य झाले.

डन्सच्या अशाच शाळेत हिस्लॉप शिकले. पुढे त्यांनी एडिंबरो व ग्लासगो येथे उच्च विद्या संपादन केली व नंतर धर्मशास्त्राचा अभ्यास केला. लहानपणापासून रानावनांत हिंडावे, किडे, फुले व दगड गोळा करावे, हा त्यांचा छंद होता. १८४३ साली स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडून फ्री चर्च नावाची नवी मंडळी निघाली, तिच्यात ते सामील झाले. हिंदुस्थानातील स्त्रीशिक्षणाकरिता तिकडील स्त्रियांनी एक संस्था चालविली होती. तिच्या चिटणिसाचे कामही त्यांनी काही काळ केले. म्हणजे हा देश पाहण्यापूर्वीच येथील मुलींच्या शाळांची चिंता त्यांनी वाहिली होती.

नागपुरास आगमन

त्या वेळी नागपुरास भोसल्यांचे राज्य होते. चांद्याचे प्राचीन गोंड राज्य १७५१ साली भोसल्यांनी जिंकून घेतल्याला जवळजवळ शंभर वर्षे झाली होती. गोंड लोकांत काम व्हावे, अशी इच्छा धरून नर्मदेच्या उगमाकडील करंजिया गावी काही जर्मन कारागीर मिशनरी जाऊन राहिले होते. परंतु अल्पावधीतच कॉलऱ्याने त्यांपैकी बहुतेकांचा अंत झाला. कॅप्टन हिल नावाच्या एका लष्करी अंमलदाराने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ नागपूर प्रांतात मिशन स्थापण्याकरिता मोठी रक्कम देऊ केली. ते काम पत्करून हिस्लॉपसाहेब आपल्या नवविवाहित पत्नी इरॅस्मा यांच्यासह १८४४ सालच्या डिसेंबरात मुंबईस उतरले, आणि १८४५ सालच्या फेब्रुवारीत नागपुरास पोहोचले. त्या काळी आगगाडी नव्हती. नागपुरास ती १८६७ साली आली. मुंबईपासून नागपूरपर्यंतचा तो प्रवास घाटांतून व काळ्या मातीच्या गाडीवाटांतून करावा लागे.

येथे आल्यावर त्यांनी प्रथम मराठीचा अभ्यास केला. शेजारच्या कामठी छावणीत मद्रासकडील पलटणी असत; तेथील शिपायांत व त्यांच्या कुटुंबांत तमिळ व तेलुगू बोलली जाई. शहरात मराठी, बाजारात हिंदी, छावणीत तमिळ व तेलुगू, आणि रानात गोंडी, अशा पंचभाषिक मुलखात त्यांस काम करावयाचे होते. ज्या मनुष्याशी बोलावयाचे त्याची भाषा आपण शिकली पाहिजे, त्याने आपली शिकेपर्यंत वाट पाहू नये, हा नियम त्यांनी आरंभापासून पाळला.

शाळेची स्थापना व संकटे

१८४६ साली नागपूर शहरात त्यांची शाळा सुरू झाली. तीत मराठी व इंग्रजी शिकविली जाई; भूगोल, गणित व सृष्टिज्ञानही शिकवीत. शाळेचे दार सर्व जातींस उघडे होते. १८४७ साली रेव्हरंड रॉबर्ट हंटर हे त्यांच्या मदतीस आले. हे मोठे विद्वान व प्रेमळ गृहस्थ होते, परंतु प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे १८५५ साली त्यांस स्वदेशी परतावे लागले.

शाळा चालविणे सोपे नव्हते. १८४८ साली एका विद्यार्थ्याने ख्रिस्ती होण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा मोठे वादळ उठले. इंग्रज रेसिडेंटाने त्या मुलास राजाच्या स्वाधीन केले व त्यास बंदिवास घडला. हिस्लॉपसाहेबांनी त्याच्या सुटकेकरिता पुष्कळ लिहिले, पुष्कळ खटपट केली. मुलास शाळेत घालावे तर तो आपल्या हातचा जाईल, अशी भीती आईबापांस वाटे. ह्या भीतीस आम्ही हसू नये. मुलगा शिकला म्हणजे घर सोडतो, आपली बोली विसरतो, आपल्या माणसांची लाज धरतो, हे दुःख आजही आमच्या पाड्यांवरच्या आयांस ठाऊक आहे. शाळेने मुलगा घेतला तर तिने त्याला अधिक चांगला मुलगा करून परत दिला पाहिजे. ह्या कसोटीस सर्व शाळांनी उतरावे लागते, मिशनच्या शाळांनीही.

१८५३ सालच्या डिसेंबरात तिसरे रघूजी राजे वारले. त्यांस औरस पुत्र नसल्याने कंपनी सरकारने राज्य खालसा केले. राजवाड्यातील जडजवाहीर हलविण्यावरून शहर खवळले, आणि त्या धामधुमीत हिस्लॉपसाहेब जमावाच्या हाती सापडून जबर जखमी झाले. बरे झाल्यावर ते पुन्हा त्याच शहरात, त्याच शाळेत, त्याच मुलांपुढे जाऊन उभे राहिले.

दगडांचे वाचन

हिस्लॉपसाहेबांची दुसरी शाळा मोकळ्या रानात होती. हिवाळ्यात ते गावोगाव फिरत. बैलगाडीत तंबू, पुस्तके व औषधे असत, आणि परतताना तीच गाडी दगडांनी भरलेली असे. १८५१ साली नागपूरनजीक टाकळी येथे सायंकाळी फिरावयास गेले असता त्यांस व हंटरसाहेबांस दगडांत गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे अवशेष आढळले. तेथून जो शोध सुरू झाला तो आमच्या चांदा जिल्ह्यापर्यंत आला. वर्धा नदीच्या खोऱ्यातील मांगली गावच्या खाणीतील दगडात एका प्राचीन प्राण्याचे मस्तक मिळाले. ते विलायतेस गेले, आणि रिचर्ड ओवेन या प्रख्यात शास्त्रज्ञाने १८५५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. बेडकासारखा जलचर व स्थलचर असा तो जीव, मनुष्यजात निर्माण होण्याच्या कोट्यवधी वर्षे आधी आमच्याच मुलखात नांदत होता. कामठी व सिलेवाडा येथील दगडांत हिस्लॉपसाहेबांस मिळालेल्या वनस्पतींच्या ठशांचे वर्णनही १८६१ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या पत्रिकेत आले.

आमच्या खेड्यांतील वाचक विचारतील की, ह्या दगडांचा आम्हांस काय उपयोग? उपयोग पुष्कळ आहे. ज्या थरांचा त्यांनी अभ्यास केला त्याच कुळातील थरांत कोळसा सापडतो. वरोऱ्यास कोळशाची खाण १८७१ च्या सुमारास सुरू झाली, आणि चंद्रपूर जिल्ह्याचे रूपच पालटले. पुढे भूशास्त्रज्ञांनी ह्या थरांस गोंडवन हेच नाव दिले, आणि एडुआर्ड झ्यूस नामक ऑस्ट्रियन पंडिताने दक्षिणेकडील सर्व प्राचीन भूखंडासही तेच नाव ठेवले. ज्या गोंड मुलास वर्गात मागच्या रांगेत बसविले जाते, त्याच्या लोकांचे नाव जगातील प्रत्येक विद्यापीठाच्या पुस्तकात छापलेले आहे. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे प्राचीन वृक्षांचे व प्रचंड सरड्यांचे दगड झालेले अवशेष मिळाले आहेत. आपल्या पायाखालचा दगड हाही एक धडा आहे, हे शिक्षकाने मुलांस दाखवावे. पुस्तके थोडी असली म्हणून शाळा दरिद्री होत नाही. आजूबाजूस पाहणारे डोळे नसले म्हणजे होते.

गोंडांची भाषा

आता आम्ही ह्या चरित्राच्या मर्मस्थानी येतो. हिस्लॉपसाहेबांस बोलावणे आले ते गोंडांच्या नावाने. पण त्यांचे बहुतेक आयुष्य गेले ते नागपूर शहरात, मराठी व इंग्रजी शिकणाऱ्या मुलांत. हा विरोध आम्ही झाकून ठेवीत नाही. माणसे थोडी, प्रांत मोठा, पावसाळ्यात रस्ते बंद, आणि अरण्यात हिवताप. ह्या कारणांनी रानातले काम मागे पडले. त्यांची शाळा गोंडांच्या पाड्यांपर्यंत पोहोचली नाही. ह्या दृष्टीने पाहिल्यास त्यांचे काम अपुरे राहिले, असेच म्हणावे लागेल.

परंतु त्यांनी एक गोष्ट केली. त्या काळी गोंडीस लिपी नाही, पुस्तक नाही, म्हणून तिला भाषाच न मानणारे लोक पुष्कळ होते. हिस्लॉपसाहेब मात्र गोंडांजवळ वही घेऊन बसले. राजगोंड, परधान, ओझा, कोलाम, माडिया अशा निरनिराळ्या जमातींच्या चालीरीती त्यांनी विचारून टिपून घेतल्या. गोंडी शब्दांच्या याद्या केल्या. गोंडी ही तमिळ व तेलुगूच्या कुळातील प्राचीन भाषा आहे, मराठीची वा हिंदीची अपभ्रष्ट बोली नव्हे. परधान लोक पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवीत आलेले लिंगोचे दीर्घ गीत त्यांनी एका परधानाच्या तोंडून अक्षरशः उतरवून घेतले. गुरू होऊन आलेला मनुष्य तेथे शिष्य होऊन बसला.

दुसऱ्याच्या भाषेत पहिले अक्षर गिरवावे लागणे हे किती कठीण आहे, हे ज्यांनी भोगले त्यांसच कळेल. भामरागडच्या माडिया मुलाने पहिल्या दिवशी शाळेत जाऊन जे ऐकावे त्यातील एक शब्दही त्याला कळू नये, आणि त्याच्या मुकेपणास मास्तरांनी मंदपणा म्हणावे, हा अन्याय आमच्या जिल्ह्यांत कित्येक पिढ्या चालला. अलीकडच्या काळात ह्याचा विचार होऊ लागला, ही समाधानाची गोष्ट होय. हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ साली माडिया मुलांकरिता आश्रमशाळा काढली. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभांनी १९१९ नव्हे, तर त्यानंतर पूर्ण शंभर वर्षांनी, म्हणजे २०१९ साली, गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच्या हिमतीने सुरू केली. हिस्लॉपसाहेबांच्या शब्दयादीपासून ह्या शाळेपर्यंत दीडशेहून अधिक वर्षे लोटली, ही विलंबाची गोष्ट आम्हां सर्वांस विचार करावयास लावणारी आहे.

शेवटचा दिवस

१८६१ साली मध्यप्रांत नावाचा नवा प्रांत झाला, आणि पुढील वर्षी सर रिचर्ड टेंपल त्याचे मुख्य अंमलदार होऊन आले. त्यांस ह्या प्रांताची खरी माहिती असलेला सल्लागार पाहिजे होता, आणि तो हिस्लॉपसाहेबांच्या रूपाने मिळाला. प्रांतात शिक्षणखाते उभे राहत होते. १८५४ सालच्या खलित्याने खाजगी शाळांसही सरकारी मदत देण्याचे तत्त्व मान्य केले होते. शाळा शहरांतून खेड्यांत नेण्याची संधी आता आली होती.

१८६३ सालच्या सप्टेंबरात टेंपलसाहेबांचा तळ बोरी येथे पडला होता. आज नागपुराहून चंद्रपुरास जाताना वाटेत बुटीबोरी लागते, तेच हे गाव. जवळच टाकळघाट येथे मोठमोठ्या दगडांची प्राचीन वर्तुळे आहेत. ही अतिप्राचीन लोकांची दफनस्थाने होत; पुढे नागपूर विद्यापीठाने तेथे उत्खननही केले. ता. ४ रोजी दोघेही ती पाहण्यास गेले. काम आटोपल्यावर टेंपलसाहेब तळावर परतले. हिस्लॉपसाहेब मात्र मागे थांबले, कारण टाकळघाटच्या गावशाळेतील मुलांची परीक्षा घ्यावयाची राहिली होती.

खेड्यातील ती शाळा. मुले थोडी असतील, पाट्या फुटक्या असतील. प्रांताचा अधिपती तळावर वाट पाहत असता ह्या विद्वान मनुष्याने त्या मुलांस उद्या या म्हणून सांगितले असते, तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. परीक्षा संपेपर्यंत दिवस गेला. अंधारात घोड्यावरून परतताना वाटेतला नाला पावसाने चढलेला होता. तळावर घोडा आला, पण स्वार आला नाही. लोक मशाली घेऊन धावले. परंतु हाती केवळ देह लागला. आणखी चार दिवसांनी त्यांस ४६ वे वर्ष पुरे व्हावयाचे होते.

मागे राहिलेले काम

टेंपलसाहेबांनी त्यांचे अपुरे राहिलेले कागद एकत्र करून १८६६ साली ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्यात जमातींचे वर्णन, शब्दांच्या याद्या व लिंगोचे गीत आहे. गोंडांच्या अभ्यासाचा पाया म्हणून ते पुस्तक आजही पाहिले जाते. नागपूरची शाळा चालू राहिली, वाढली, आणि १८८३ साली तीतून हिस्लॉप कॉलेज निघाले. त्या वेळी नागपुरास विद्यापीठ नसल्याने ते प्रथम कलकत्त्याच्या विद्यापीठाशी जोडलेले होते. नागपूर विद्यापीठ १९२३ साली झाले. विदर्भातील कितीतरी वकील, शिक्षक व लोकसेवक त्या कॉलेजातून बाहेर पडले. चांदा शहरात पुढे स्कॉटलंडच्याच एपिस्कोपल मंडळीने शाळा व दवाखान्यांचे काम केले. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, आणि २०११ साली ह्या दोन जिल्ह्यांकरिता गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. ज्या मुलखात अक्षर ओळखणारा मनुष्य शोधून काढावा लागे, त्याच मुलखात आज विद्यापीठ आहे.

तथापि आम्ही स्वस्थ बसावे, असे अद्याप झालेले नाही. २०११ सालच्या खानेसुमारीत गडचिरोली जिल्ह्यात शेकडा ७४ लोक साक्षर आढळले, आणि सर्व महाराष्ट्रात ८२. हे आठांचे अंतर कागदावर लहान दिसते. पण ते ज्या घरांत राहते त्या घरांत ते लहान नाही. औषधाची चिठ्ठी वाचता न येणारी आई, सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढले हे न कळणारा शेतकरी, तेंदूच्या पुड्यांचा हिशेब दुसऱ्यावर सोपविणारा मजूर, ही त्या अंतराची माणसे होत. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला. पण दावा लिहावयाचा तर अक्षर पाहिजे, नकाशा समजावयाचा तर शिक्षण पाहिजे. जी ग्रामसभा आपले कागद आपण वाचते, तिच्या रानाचा व्यवहार तिच्या हाती राहतो.

मोहफुले वेचण्याचे व तेंदूपाने तोडण्याचे दिवस आले म्हणजे शाळेतील बाके रिकामी होतात, हे आम्ही जाणतो. पोटाची गरज आम्ही हलकी मानीत नाही. परंतु परीक्षेच्या दिवशी तरी मुलास रानात नेऊ नये, आणि मुलीस धाकट्या भावंडांपायी घरी ठेवू नये, एवढी विनंती आम्ही प्रत्येक आईबापास करतो. शिक्षकबंधूंस आमची विनंती निराळी आहे. टाकळघाटच्या शाळेत त्या दिवशी कोणती मुले बसली होती, त्यांची नावे कोठेही लिहून ठेवलेली नाहीत. एका मोठ्या विद्वानाच्या आयुष्याचे शेवटचे काही तास त्या अनाम मुलांच्या पाट्या तपासण्यात गेले. आपल्याही वर्गात तशीच मुले बसली आहेत. ती ज्या भाषेत घरी बोलतात तिचे चार शब्द आपण शिकावे, आणि सायंकाळ झाली तरी शेवटच्या मुलाची पाटी पाहिल्यावाचून उठू नये.